कशावर दळलंय?

अहो, या ना जरा वईपाशी. भांडी काही पळून जात नाहीत. ऐकलंत का, पलीकडच्या मावशींकडे रविवारी पिझ्झा झाला! हो हो, त्याच मावशी. "ते पनवेलचं खोकं माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाय," असं गेल्या गणपतीत चारचौघांत ठणकावणाऱ्या. आणि नुसता झाला नाही हो... मावशींनी स्वतः थापला. पदर खोचून, हात पाण्यात बुडवून. मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे मीठ मागायला गेले होते ना मी. आता मीठ घरात होतं, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या नातवाचं तर तुम्हाला माहीतच आहे. पोट पुढे आलेलं, हातपाय काटकुळे, वर्गात सगळ्यांत बुटका. रक्त कायम कमी. लोहाच्या औषधाच्या बाटल्या संपल्या, पण रक्त काही वाढेना. आपल्या आळीनं काय काय निदानं केली! एकीचं म्हणणं जंत, दुसरीचं दृष्ट. मीठ-मोहरी ओवाळून झाली. तिसरी, नाव घेत नाही मी, पण तुमच्या डाव्या हाताला राहते, ती म्हणाली, "आई नोकरीला जाते, पोराच्या पोटाकडे बघणार कोण?" ते सूनबाईच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या तरी एक आभाळाकडे बघते, दुसरी चपलेकडे... जाऊ दे.

तर काय सांगत होते. गेल्या वर्षीचा 25 सप्टेंबरचा कार्यक्रम आठवतोय ना? दरवर्षीचाच हो, आपल्या गावच्या 1930 च्या जंगल सत्याग्रहाचा, हुतात्मा स्मारकापाशी. मानवंदना झाली, भाषणं सुरू झाली, कोणी पुढारी सत्याग्रहातली अक्कादेवीच्या डोंगरावरची हकिगत सांगत होते, आणि हा पोरगा उभ्याउभ्या खाली कोसळला. सगळ्यांनी उचलून सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, आणि कोणीतरी मायेनं बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्या हातात दिला. गव्हाची बिस्किटं! आता डोक्यात प्रकाश पडतोय. तेव्हा सगळ्याच म्हणत होत्या, खा बाळा, ताकद येईल.

मग पनवेलच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून बघितलं, उंची मोजली आणि सूनबाईला विचारलं, "डब्यात काय देता?" ही म्हणाली, पोळी-भाजी. रोज? रोज. ती नाशिककडची ना, तिच्या हाताला पोळीची सवय. आणि खरं सांगू, भाकरी डब्यात नेली की पोरं हसतात म्हणून मावशींनीच पोराला डब्यात पोळीची सवय लावली होती. आता बोलतात मात्र वेगळंच.

डॉक्टर म्हणाले, सिलिअ‍ॅकची तपासणी करू. गव्हात, जवात ते ग्लुटेन असतं ना, ते या मुलाच्या पोटात गेलं की त्याचं स्वतःचंच शरीर आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून बारीक लव असते, ती झडते. मग तूप घाला, बदाम घाला, अंगी लागणार कसं? उत्तर भारतात साधारण 100 माणसांत एकाला असतं म्हणे हे. आपल्या भातखाऊ मुलखात कोणाला सुचतच नाही.

आणि तिथे एक गंमत झाली बरं का. मावशींच्या नणंदेनं, त्या सगळंच जाणतात, तपासणीच्या आधीच फर्मान काढलं, "आजपासून गहू बंद." सूनबाईनं डॉक्टरांना सांगितलं, आम्ही गहू बंदच केलाय. डॉक्टर केवढे रागावले! गहू खाणं चालू असेल तरच रक्तात ते सापडतं, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघतात त्यातही. आधीच बंद केलंत तर चोर पळाल्यावर चौकीदार बसवल्यासारखं होतं. म्हणजे तपासणी होईपर्यंत पोराला पुन्हा पोळी खायला लावली. नणंदबाई त्या दिवसापासून फोन उचलत नाहीत.

निकाल आला, सिलिअ‍ॅकच निघालं. गहू आयुष्यभर बंद. औषध नाही, गोळी नाही, फक्त ग्लुटेन बंद. सूनबाईनं मला एकदा सांगितलं, कसं कळलं माहितीये का हे जगाला? दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. तिथल्या डिके नावाच्या डॉक्टरांनी बघितलं की सगळा देश उपाशी, पण त्यांच्या वॉर्डातली ही आजारी पोरं मात्र सुधारताहेत! पुन्हा पाव आला तशी ती पुन्हा आजारी. 1950 साली त्यांनी त्याच्यावर प्रबंध लिहिला. मी म्हटलं, बघा, पाव बंद झाला आणि पोरं वाचली. तर मावशी आतून म्हणाल्या, "आमच्या लहानपनी गहू यायचा तो होळीच्या पुरनपोळीपुरता. रेशनवर आला नि डब्यात शिरला." आता यात त्यांचं काही चुकलं का, सांगा तुम्ही.

बरं, पिझ्झा. तर झालं काय, वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस पनवेलच्या एका हॉटेलात. सगळी पोरं ताणून ताणून चीज खाताहेत आणि हा बसलाय घरून आणलेले कुरमुरे घेऊन. घरी आला, रडला नाही. आईला फक्त विचारलं, "मी दहावीत गेलो की चालेल का?" सूनबाई सांगताना इकडेतिकडे बघायला लागली हो... मी पण मग तुळशीची पानं खुडत बसले.

हॉटेलांच्या मेनूवरही म्हणे काही ठिकाणी बिनगव्हाचा बेस मिळतो. पण सूनबाईनं विचारलं, भट्टी वेगळी का? नाही. मैदा उडतो त्याच ओट्यावर? हो. मग काय उपयोग? पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. 20 मिलिग्रॅम! चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढं. मुंबईचे दीर अटल सेतूवरून येताना एक तयार बेसचं पाकीट घेऊन आले होते. किंमत ऐकून मावशींनी कपाळाला हात लावला, आणि चव बघून पोरानं तो बेस हळूच परत ठेवला.

मग सूनबाईनं स्वतः करायला घेतला. मोबाइलवर बघून. बदामाचं पीठ काय, झॅन्थन गम काय... मावशी म्हणाल्या, "बदामाचं पीठ? लगीन हाय काय घरात?" मग आपलं तांदळाचंच पीठ घेतलं, त्यात यीस्ट घातलं आणि पोळीच्या कणकेसारखं मळत बसली. मळतेय, मळतेय, घाम पुसतेय, मळतेय. आता गव्हाची कणीक मळली की तिच्यात ग्लुटेनची जाळी तयार होते, यीस्टचा वारा त्या जाळीत अडकतो आणि फुगतं. तांदळात जाळीच नाही तर मळून काय होणार? वारा आला तसा गेला. भट्टीतून निघालं ते ताटात टाकलं तर टण्ण वाजलं. त्यांचा कुत्रा हुंगून निघून गेला, आणि तो कुत्रा कशालाही नाही म्हणत नाही.

मावशी दारात उभ्या. सूनबाईचा चेहरा असा उतरलेला. मला वाटलं, आता तोफ सुटणार. तर मावशी एवढंच म्हणाल्या, "अगो, उकड काढलीस का नाय?"

बघा ना! आपण रोज काय करतो? तांदळाच्या भाकरीला पाणी उकळतं ठेवतो, मीठ टाकतो, पीठ घालतो, झाकण ठेवतो. आपल्या देवळातल्या महागणपतीच्या मोदकालाही तेच. का? उकळत्या पाण्यात तांदळाचा स्टार्च फुलतो, चिकट होतो, म्हणून भाकरी हातावर तुटत नाही. जाळी नसलेल्या पिठाला आपल्या आज्या-पणज्यांनी दिलेला तो आधार. आणि सूनबाई बिचारी, नाशिकची, ज्वारी-बाजरीच्या कोरड्या भाकरीची माहितगार. तिला कोण सांगणार? मावशींनी सांगितलंच नव्हतं इतकी वर्षं. "विचारलं नाय," म्हणे.

पण थांबा, लगेच मावशींना डोक्यावर घेऊ नका. नुसत्या उकडीचा बेस केला तोही फसला बरं का! कडा छान, मधे लगदा. वर टोमॅटोचं पाणी सुटलं की खाली आणखी ओलं. तेव्हा मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग सूनबाईनं तिच्या मोबाइलवरचं काढलं: पिठाला बांधून ठेवायला इसबगोल लागतं. घरात इसबगोल कोणाकडे? आजोबांकडे! खाटेखालच्या डब्यात, रात्री गरम पाण्याबरोबर घेतात ते. सूनबाईला मागायची लाज, मावशींना मागायची लाज. शेवटी पोरगाच गेला आणि ओरडत आला, "आजोबांनी दिलं, म्हणाले पिझ्झा खाऊन सगळ्यांचंच पोट साफ होईल!" शेजारच्या पडवीपर्यंत ऐकू गेलं.

तर आता जमलंय ते असं. मी बघत होते, लक्षात ठेवून आलेय. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेला. नवा असेल तर बरा, चिकटपणा जास्त असतो, जुना तांदूळ पाणी जास्त पितो. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, पाव वाटी साबुदाण्याचं. तांदळाच्या अर्ध्या पिठाची उकड, चमचाभर तेल घालून. ती कोमट होऊ द्यायची हं, यीस्ट गरम उकडीत मरतं. तिकडे कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि लहान चमचा यीस्ट, 10 मिनिटांत फेस आला पाहिजे. आला नाही तर यीस्ट जुनं, पुढे जाऊच नका. इसबगोल मोठा चमचाभर, वेगळ्या पाण्यात, त्याचा गिळगिळीत गोळा होतो. मग सगळं एकत्र. हाताला चिकटेल इतकं सैल. भाकरीच्या पिठाइतकं घट्ट केलंत की संपलं! मळायचं नाही, नुसतं एकजीव करायचं. तेल लावलेल्या कागदावर ओल्या हातानं थापायचं, कडा जरा जाड, आणि झाकून पाऊण तास ठेवायचं. तिथे मावशींचा हात. अहो, कडेनं बोटं अशी फिरली की गोल म्हणजे गोल! एक फट नाही. सूनबाई बघतच राहिली.

आणि आधी बेस कोराच भाजायचा. 220 अंशांवर 10-12 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. मग सॉस, मग चीज, मग पुन्हा भट्टीत 8-10 मिनिटं. कोरा भाजला नाही तर मधला लगदा पुन्हा नशिबी. त्यांच्या त्या छोट्या भट्टीत आपल्या कुंभारवाड्यातला मातीचा तवा उलटा घालतात खाली. थंड भट्टीतच ठेवायचा आणि तव्यासकट तापवायची, नाहीतर तडकतो. माती ओल शोषते, खालून खरपूस होतं. भट्टी नसेल त्यांनी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर, एका बाजूनं भाजून उलटवायचं आणि भाजलेल्या बाजूवर सॉस लावायचा. वर काय घातलं विचाराल तर अलिबागचा पांढरा कांदा. 2022 मध्ये त्याला जीआय मिळालंय, तोच, गोडसर. ढोबळी मिरची, आणि एका अर्ध्यावर सोडे. सोडे हो! मावशींची आयडिया. मी नाक मुरडलं होतं आधी... मग दोन तुकडे खाल्ले.

फक्त गरम खायचा. गार झाला की तांदळाची भाकरी जशी ताठर होते तसाच हाही. दुसऱ्या दिवशी डब्यात द्यायचा तर तव्यावर पाण्याचा शिपका मारून वाफ द्यायची.

पण अहो, खरी भानगड पिझ्झ्यात नाहीच! खरी भानगड गिरणीत. आपण सगळ्या गिरणीत पहिला प्रश्न काय विचारतो? "भाऊ, आता कशावर दळलंय?" तांदळावर तांदूळ पडला तर चालतो, नाचणीवर पडला तर पीठ काळपट येतं म्हणून कुरकुर करतो. आपलं दुखणं रंगाचं. त्या पोराचं दुखणं आतड्याचं. सुरुवातीला सूनबाई पहाटे पहिलं दळण न्यायची. पण रात्री शेवटी गहूच दळलेला असायचा. दगडाच्या फटीत गहू, डब्यात गहू, तोंडाला बांधलेल्या त्या कापडात गहू, हवेत गहू. डॉक्टरांकडच्या आहाराच्या बाईंनी सांगितलं, आधी दोन किलो तांदूळ फुकट दळून काढलात तरी खात्री नाही. तीन महिने गहू बंद, तरी रक्ततपासणीतला सिलिअ‍ॅकचा आकडा खाली येईना, त्याचं कारण हे! आणि दुसरं कारण ऐकाल तर... हिंग. डबीवर वाचलंय कधी? खडा हिंग नव्हे, आपण फोडणीत टाकतो तो बांधानी हिंग. कित्येक डब्यांवर गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं. रोजच्या आमटीत गहू! मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू. मावशींनी बरणीभर मेतकूट पुसायच्या फडक्यासकट घराबाहेर काढलं. कोणाकडे गेलं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. बरं, माझ्याकडेच आलं. चांगलं होतं हो.

शेवटी त्यांनी घरघंटी घेतली. तिच्यात फक्त तांदूळ, ज्वारी, नाचणी. आणि इथे खरी मजा! मोठ्या जाऊबाई, त्या मागच्या घरातल्या, पाहुणे आले म्हणून गव्हाचा डबा घेऊन हजर. "एकदाच गं, दोन किलो. गिरण बंद आहे." सूनबाई कधी कोणाला तोडून न बोलणारी. तिनं काय करावं? घरघंटीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, चहा घ्या, जेवून जा, पण गहू नाही." जाऊबाईंचा चेहरा! डबा तसाच कमरेवर. त्यांनी मावशींकडे बघितलं, आता सासू काहीतरी बोलेल म्हणून. मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती बोलली ना. झालं." सूनबाईच्या बाजूनं! सतरा वेळा तरी मी हे मनात घोळवलंय.

आणि त्या अशा का वळल्या तेही सांगते, जरा अलीकडे या. हे रक्ताच्या नात्यात चालतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आई-वडील, भावंडं, सगळ्यांचं रक्त तपासा. तेव्हा अंगारकीला महागणपतीच्या रांगेत मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "आमच्या घरान्यात असलं कवा नव्हतं. पोळी खानाऱ्यांचं दुखनं हाय ते." सूनबाई मागेच उभी, हातात दुर्वा. काही बोलली नाही. मग रिपोर्ट आले. आईचा साफ कोरा. आणि बापाचा? मावशींच्या लेकाचा? लागला! तो बंदरात कामाला जातो, सारखा थकलेला असायचा, पोट धरायचा, आपण म्हणायचो शिफ्ट ड्यूटीमुळे. पडवीत रिपोर्ट वाचला तेव्हा मी इथेच वईशी होते, फुलं काढत होते. मावशी खाली बसल्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि सूनबाईच्या हातातली कढई काढून घेतली. "तू बस," एवढंच. त्याच संध्याकाळी घरातला गव्हाचा डबा रिकामा झाला. आता त्या घरात पोळी कोणालाच नाही. सूनबाई स्वतःपुरती करू शकते, पण करत नाही. ओटा एकच आहे ना.

पोराचं पोट आता उतरलंय. पॅन्ट वर चढायला लागल्यात, म्हणजे उंची धरली. यंदा 25 सप्टेंबरला पहिल्या रांगेत उभा होता.

तर तुम्हाला बोलावलंय त्यांनी, पुढच्या रविवारी, माझ्यामार्फत निरोप आहे. जा जरूर. पण जाताना हातात काही न्यायचं असेल तर केळी न्या, नारळ न्या. संक्रांतीला तिळाचे लाडू द्या, गूळपोळी देऊ नका. आणि तुमची गिरण बंद असली, पाहुणे दारात असले, तरी त्या घरघंटीत गहू दळायला मागू नका हं.